चावडीवरचं चावडीवर

मी लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवत होते. आमच्या बॅचचा मोबाईलवर एकच ग्रुप, आणि त्यात काय नव्हतं ते विचारा! सकाळी केमिस्ट्रीच्या सरांची गुलाबाची फुलं, दुपारी कुणाचा हरवलेला डबा, संध्याकाळी कुणाच्या भाच्याचं बारसं. पोरांचे डाऊट त्यात कुठे गडप व्हायचे, देव जाणे.

नांदेडजवळच्या लोह्याची एक मुलगी होती, आमच्याच क्लासची जुनी विद्यार्थिनी. पहिल्या वेळी मेडिकल थोडक्यात हुकलं, म्हणून घरी बसून पुन्हा तयारी करत होती. घरच्यांनी सांगून टाकलं होतं, हे शेवटचं, न्हाई झालं तर लग्न. फळा नाही, शिक्षक नाही. विचारायला तिला एवढा ग्रुपच होता.

एका दुपारी तिनं कपॅसिटरचा प्रश्न टाकला आणि नेमकी तेव्हाच जमीन जराशी हलली. झालं! "हललं का?" "हाव, भांडी वाजली." "आमच्याकडं न्हाई हललं." लातूरच्या माणसाला हे विचारल्याशिवाय राहवत नाही. मीही जिना उतरून रस्त्यात उभी होतेच की. पण दुसऱ्या दिवशीही तेच दळण चालू. तिनं प्रश्न पुन्हा टाकला, त्याखाली कुणीतरी देवाचा फोटो चिकटवला. मग मला एकटीला तिचा मेसेज आला, "मॅडम, जाऊ द्या. मी ग्रुप सोडून राहिले."

माझं डोकंच फिरलं. त्याच संध्याकाळी दोन ग्रुप केले. एक 'फक्त डाऊट', दुसरा 'चावडी'. डाऊटमध्ये नमस्कारसुद्धा चालणार नाही, म्हणून बजावलं. केमिस्ट्रीचे सर फुगले. "मॅडम, माणुसकी म्हणून काही हाय का न्हाई?"

"माणुसकी चावडीवर न्या, सर. इथं कपॅसिटर."

सकाळी त्यांनी मुद्दाम गुलाब टाकला. मी त्यांना काढून टाकलं! क्लासभर बोंब झाली. पुढच्या आठवड्यात परत आले ते बेंझिनचं उत्तर घेऊनच.

लोह्याची पोर मग अशी सुटली, की काय सांगू! आधी नुसती विचारायची. दिवाळीनंतर दुसऱ्यांना तीच समजावून सांगायला लागली. मला लई आनंद व्हायचा.

निकालाच्या दिवशी मी सकाळपासून 'फक्त डाऊट' उघडून बसले. दुपार टळली तरी तिचा एक शब्द नाही. जीव टांगणीला लागला. मनात म्हटलं, गेलं पोरीचं.

शेवटी केमिस्ट्रीच्या सरांचा फोन आला. "अहो मॅडम, कधीतरी चावडीवर या की!"

तिकडे मी कधी फिरकतच नव्हते. तिथं तिनं सकाळीच लिहून ठेवलं होतं, "नांदेडला मेडिकल मिळतंय. यात काही डाऊट न्हाई, म्हणून इथं टाकलं."

मी रडत, हसत 'फक्त डाऊट'वर गेले आणि टाकलं, "आपली पोर डॉक्टर होणार!!!"

लगेच तिचं उत्तर आलं, "मॅडम, हे चावडीवर."