नवव्या दाबाला

साइटवर त्याला सगळे मीटर म्हणत. नाव पडून वीस वर्षं होऊन गेली होती. तेव्हा मासळी गोठवण्याचा एक कारखाना बांधून होत आला होता, आणि जेवणाच्या सुट्टीत हा डबा अर्धा टाकून उठला. अमोनिया येतोय, म्हणाला. ठेकेदाराने गॅस मोजायचं मशीन आणून चारी भिंतींना फिरवलं. आकडा शून्य. तुझ्या डब्यातच असेल, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. हसणं पुरतं संपायच्या आत मशीन वाजायला लागलं. त्या दिवसापासून त्याचं खरं नाव फक्त कार्डावर उरलं.

कार्ड म्हणजे ठेकेदाराच्या माणसांचं सुरक्षा कार्ड. खाण्याच्या वस्तूंचा कारखाना असला की नियम दुहेरी असतात. माणसाला कारखान्यापासून जपायचं, आणि कारखान्याला माणसापासून. अंगठी नको, घड्याळ नको, काच नको, केसांवर जाळी, आत नेलेला प्रत्येक स्क्रू मोजून बाहेर. हे सगळं वर्षातून एकदा अर्धा दिवस बसून ऐकायचं, वीस प्रश्नांची उत्तरं द्यायची, मग मास्कची चाचणी. ती झाली की वर्षभराचं कार्ड. कार्ड नसेल तर हात कितीही कसलेला असो, फाटकाच्या आत पाऊल पडत नाही.

मीटरचे हात कसलेले होते. अन्न गोठवायला मोठी थंडी लागते, ती थंडी अमोनिया आणतो, आणि तो ज्या पाइपांतून फिरतो ते पाइप मीटर जोडायचा. पण प्रत्येक कामाला त्याला मागून घेत ते नाकासाठी. सरळ नाकासमोर चालणारा माणूस, आणि नाकही तसंच, ठेकेदार कौतुकाने म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याला आठवडाभर ताप आला. ताप उतरला त्या सकाळी बायकोने चहा दिला, आणि तो चहा नुसताच गरम होता. साखर राहिली असेल असं वाटून तो गुमान प्यायला. दुपारी साबण हुंगला. मग डिझेलचा बोळा. मग संडासाचं दार लावून आत उभा राहिला. कुठेच काही नव्हतं. जगावरून कोणीतरी ओलं फडकं फिरवलं होतं आणि फक्त आकार शिल्लक ठेवले होते. वासाबरोबर चवही गेली होती. तिखट तेवढं झोंबायचं, गरम तेवढं पोळायचं.

येईल परत, असं तो महिनाभर मनातल्या मनात म्हणाला. मग म्हणायचंही सोडलं. डॉक्टरकडे गेला नाही, कारण डॉक्टर लिहून देतात, आणि लिहिलेला कागद पायांनी चालत फाटकापर्यंत जातो.

बायकोला कळायला चार दिवसही लागले नाहीत. नासलेलं दूध तो पेलाभर प्यायला आणि पेला विसळून पालथा घातला. तिने पातेलं हुंगलं आणि त्याच्याकडे पाहिलं. तेव्हापासून घरातली वासाची सगळी कामं तिच्याकडे आली. शेगडीचा गॅस, कालचं उरलेलं, त्याच्या शर्टाची कॉलर.

पण तिचा धाकटा भाऊ त्याच्याच हाताखाली काम करत होता. मीटरनेच त्याला या कामाला लावलं, पाइपाला हात लावायला शिकवलं. चालू लाइनीला नवी लाइन जोडायची तर मेहुणा शिडीवर, तोंड झडपेपाशी, आणि मीटर खाली. गॅसचं मशीन वरच्या माणसाने कॉलरला लावायचं असा नियम. मेहुणा ते पिशवीत टाकून ठेवायचा. बॅटरी उतरली तरी बोंबलतं, म्हणायचा, आणि खाली मीटर आहे की. मीटरने त्याला कधी हटकलं नाही. इतकी वर्षं चाललं ते आता का नको, असं त्याने विचारलं असतं.

यंदा भाज्या गोठवणाऱ्या एका कारखान्याला नवी खोली जोडायचं काम होतं. जुन्या भागात मटार पट्ट्यावरून वाहत होते, नव्या भागाला अजून दारंसुद्धा नव्हती. एका मंगळवारी मेहुणा जुन्या भागात शिडीवर बोल्ट आवळत होता. एकदम खोकत खाली आला, शेवटच्या तीन पायऱ्या हुकल्या, गुडघा फुटला. दोघे धावत बाहेर उघड्यावर आले. मेहुण्याने बराच वेळ डोळ्यांवर पाणी मारलं. मग हसला.

"भाऊजी, आज नाक घरी विसरलात का?"

"सर्दी आहे."

"मग सांगायचं ना हो. मी तुमच्या नाकावर जगतो."

मीटरच्या डोळ्यांत तेव्हा कुठे टोचायला लागलं होतं. अमोनियाचा वास त्याला येत नव्हता. तो झोंबायचा तेवढा कळे, आणि तेही सगळ्यांच्या नंतर.

मेहुण्याने संध्याकाळी बहिणीला गुडघा दाखवून ते गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही. तो गेल्यावर तिने दाराला कडी लावली.

"तुम्ही सांगता की मी सांगू?"

शुक्रवारी कार्डाची चाचणी आहे, तो म्हणाला. कार्ड एकदा हातात पडलं की ठेकेदाराकडे नव्या खोलीतलं काम मागून घेतो, तिथे अजून गॅस आलेला नाही. मग सोमवारी तुझ्या भावाला स्वतःच सांगतो. आत्ता तोंड उघडलं तर कार्डही जाईल आणि काम पण. तिने विचारलं, तोवर भाऊ शिडीवर चढणार नाही ना. त्याने तसा शब्द दिला, आणि पुढचे दोन दिवस काही ना काही निमित्त काढून मेहुण्याला जमिनीवरच ठेवलं. तिने तोंड मिटून घेतलं. दोन वर्षं मिटलेलंच होतं.

मास्कची चाचणी घेणाऱ्या बाई फाटकाजवळच्या पत्र्याच्या केबिनमध्ये बसत. पूर्वी त्या नर्स होत्या. डोक्यावर एक टोप चढवायचा, त्याला पुढे पारदर्शक खिडकी आणि खिडकीत एक भोक. रबरी फुगा दाबून त्या भोकातून त्या औषधाचा फवारा आत सोडत. आधी मास्कशिवाय, तेव्हा चव आली पाहिजे. मग मास्क घालून, तेव्हा येता कामा नये. आली तर मास्क गळतोय. मागच्या वर्षी मीटरने रांगेत उभं राहून पत्र्यापलीकडचं ऐकलं होतं. फुग्याचे आठ-नऊ दाब झाले की माणसं म्हणत, आली, गोड. तोही नवव्या दाबाला म्हणाला होता. मास्क घातल्यावर म्हणाला, काही नाही. ते मात्र खरं होतं.

त्या शुक्रवारी त्याने मास्क चिकटून बसावा म्हणून दोनदा दाढी केली. केबिनशेजारी यंदा जनरेटर लावला होता, त्यामुळे आतलं काही ऐकू येत नव्हतं. ऐकायची गरजही नव्हती. आकडा पाठ होता. मेहुणा त्याच्या आधी आत गेला, बाहेर आला तो सरळ नळावर, आणि चुळा भरत राहिला. मीटरने ते पाहिलं. बाहेर ऊन होतं. तहान लागली असेल.

टोपाच्या आत त्याचा श्वास त्याच्याच गालांवर येत होता. बाई म्हणाल्या, तोंड उघडं ठेवा, जीभ किंचित बाहेर, चव आली की हात वर. तो मोजत राहिला. आठव्याला थोडा थांबला, उगाच घाई नको. नवव्याला हात वर केला.

"कसली चव?"

"गोड."

फुगा थांबला. "नीट सांगा."

"गोडच. साखरेसारखी."

बाईंनी टोप काढला. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बाटली वळवून लेबल त्याच्यासमोर धरलं. आधीचं गोड औषध मिळेनासं झालं, म्हणाल्या, यंदा कडू आलंय. सकाळपासून येणारा प्रत्येक जण मला शिव्या घालून जातोय.

जेवायला बरोबर जायचं म्हणून मेहुणा दारात उभा होता, अजून बाहीने ओठ पुसत.

"भाऊजी, जहर आहे ते," तो हसत म्हणाला, आणि ते हसू तोंडावर तसंच राहिलं. मीटरला दिसत होतं, तो मागे मागे मोजत चालला आहे. मंगळवारची झडप, त्याआधीचा कारखाना, त्याआधीचा, एकेक शिडी.

"कधीपासून?"

"ताप आला होता तेव्हापासून."

"दोन वर्षं." त्याचा आवाज चढला नाही. "ताईला माहीत आहे?"

इथे खोटं बोलता आलं असतं. सराव होता. पण साखरेसारखी म्हणून झाल्यावर तोंडात दुसरं खोटं तयारच होईना. तो गप्प राहिला, आणि त्या गप्प राहण्यात बायको सापडली.

कार्ड मिळालं नाही. बाईंनी अर्जावर चव येत नाही एवढंच लिहिलं. आधीच्या वर्षाबद्दल लिहिलं नाही. ठेकेदाराने जुन्या ओळखीने त्याला फाटकाबाहेरच्या यार्डात बसवलं. पाइपांवर चढवायचे फोमचे तुकडे मापाने कापायचे. तिथे कार्ड लागत नाही. वॉचमन अजूनही मीटर म्हणूनच हाक मारतो; त्याला कोणी सांगितलेलं नाही.

मेहुणा घरी येईनासा झाला. बहिणीने दोनदा फोन केला तर कामात आहे म्हणाला. तिसऱ्यांदा ती रडली, रोज सांगायचं ठरवत होते रे, म्हणाली. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं.

"कारण सांगितलं नसतंस तरी चाललं असतं, ताई," तो म्हणाला. "मशीन लावत जा, एवढं एकदा म्हणायचंस."

त्यानंतर त्या दोघांचं बोलणं झालेलं नाही.

फाटकातून आत जाण्याआधी मशीन चालू करून तपासावं लागतं. बटण दाबलं की ते एकदा वाजतं. मेहुणा यार्डाच्या तारेजवळ उभा राहून ते तपासतो, कॉलरला अडकवतो, पुन्हा ओढून पाहतो, आणि फोमच्या ढिगाकडे न बघता आत जातो. त्याच्याबरोबर आता दुसराच माणूस असतो. मीटर सुरी थांबवतो, तो आत दिसेनासा होईपर्यंत.

संध्याकाळी बायको रोज विचारते, आज काही बोलला का.

"मशीन वाजलं त्याचं," तो सांगतो.

ती मान हलवते, आणि दूध तापवायला ठेवण्याआधी पातेलं नाकाशी नेते.