दाराआडची वीतभर भिंत

आज मी चैतरामभाऊंच्या फोटोला हार घातला नाही.

घटनाक्रम असा.
बरोबर एक वर्षापूर्वी, आजच्याच दिवशी, चैतराम पेंटर गेले.
त्याआधीच्या हिवाळ्यात त्यांनी आमच्या वाचनालयाचे सभागृह रोलरने रंगवले होते. ते त्यांचे शेवटचे काम.
परवा समितीने ठरवले, त्यांच्या स्मृतिसभेसाठी सभागृह 'फ्रेश' दिसले पाहिजे.
काल स्प्रे मशीन आले. जेवणाच्या आत चारही भिंती झाल्या.

भिंतींबरोबर खिडक्यांच्या काचा झाल्या, पंख्याची पाती झाली, आणि शब्दकोशांच्या पाठींवर रंगाची बारीक पुरळ उठली. कुठेही एक कागद चिकटवलेला नव्हता.
मला किळस आली. दुसरा शब्द शोधणार नाही.

यंत्राशी माझे वैर नाही. चैतरामभाऊंचेही नव्हते.

"मशीन चांगलीच आहे जी सर. पण माराले अर्धा दिवस, अन् झाकाले दीड दिवस लागते. माराले सगळे तयार. झाकाले कोणीच नाही."

प्रत्येक काम संपले की ते दाराआड वीतभर जागा कोरी सोडत. तिथे पेन्सिलीने शेड, किती हात, किती पाणी, आणि खाली स्वतःचे नाव.

पहिल्यांदा दिसले तेव्हा मी खेकसलो होतो, "एवढे राहिले आहे!"

"राहिलं नाही जी, ठेवलं. पुढच्या पेंटरनं विचारलं त मी कुठं सापडीन?"

आज सकाळच्या बसने त्यांची मुलगी सुनंदा देवरीहून आली. चौथीत शाळा सुटलेल्या वडिलांचे अक्षर घरात कुठेच नाही. तिला दाराआडच्या त्या चार ओळींचा फोटो हवा होता.

तिने दार ओढले.
मागे सगळे पांढरे.

नखाने थोडे खरवडले. रंगाबरोबर खालची पेन्सिलही निघून आली. तिने हात मागे घेतला.

आणि अध्यक्ष मला म्हणतात, "काऊन तापून राहिले सर? हॉल कसा चकाचक दिसून राहिला! चला, हार घाला."

चैतरामभाऊ, तो दीड दिवस आम्हाला जमला नाही. निघा आता. तुमच्यासारखे काम पुन्हा पाहायला मिळणार नाही.

समितीस एकच प्रश्न. दाराआड मशीन फिरवण्यापूर्वी तिथे काय लिहिले आहे, ते वाचनालयाच्या एकाही सदस्याने वाचले होते का?

उत्तर लेखी हवे. टाइप केलेले नको, स्वतःच्या हस्ताक्षरात.
पत्ता सुनंदाचा घाला.