कापडाचं शेपूट

वहिनींनी पदराला लावलेली पिन काढली आणि माझ्या गालात टोचली.

खरी आहे का बघायला.

मी हलले नाही. हलायचं नाही, हा पहिला नियम. गालावरून काहीतरी गरम ओघळलं. पुढे उभी असलेली एक लहान मुलगी रडायला लागली तेव्हा कळलं, रक्त आहे. वहिनी हसल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, "अगं, मुंडकं खरं आहे हं."

त्यांच्या मागे माझी आई उभी होती. कडेवर वहिनींचा धाकटा मुलगा.

मी तेव्हा सातवीत. वस्तीत नुकती केबल आली होती. आमचं घर नासर्डीच्या काठाला, आणि आई कॉलेज रोडच्या एका बंगल्यात धुणीभांडी करायची. या वहिनी त्या बंगल्यातल्या. तिथे आईचा कप मागच्या खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. त्यांचा सात वर्षांचा थोरला मुलगाही आईला नुसतं 'शांता' म्हणायचा. शांता, बूट. शांता, पाणी. मला वहिनींनी कधी पाहिलेलं नव्हतं. बंगल्यात पोरं आणायची नाहीत, असं त्यांनी पहिल्याच दिवशी आईला बजावलं होतं.

नवरात्रात आमच्याकडे देवीची यात्रा भरते. त्या वर्षी एक तंबूवाला वस्तीत आला. लांब केसांची मुलगी पाहिजे म्हणाला. वडील नव्हते. घरात काय होतं नि काय नव्हतं, ते सांगत बसत नाही. आईनं मला नऊ दिवसांसाठी दिलं. शाळेत ताप आल्याचं कळवलं.

मी नागकन्या झाले.

म्हणजे काय, तर एक लाकडी खोका. आत मी गुडघे पोटाशी घेऊन बसायचे. वरची फळी दोन तुकड्यांची, मधल्या भोकातून फक्त मुंडकं बाहेर. गळ्याला कापडाचा साप बांधलेला, आत भुसा, वरून हिरवा ऑइलपेंट. त्याचं शेपूट फळीवर वेटोळं घालून ठेवलेलं. खोक्यात उंदरांच्या लेंड्या. पायाला मुंग्या येऊन येऊन पाय आहेत की नाहीत तेच कळायचं नाही. खेळ सुरू झाला की लघवीला उठता यायचं नाही. दुसऱ्या माळेला ती आतच झाली. वास सुटला तेव्हा तंबूवाल्यानं माझ्यासमोर अगरबत्तीचा पुडाच्या पुडा लावला. लोकांना वाटलं, देवीचं काहीतरी आहे. चार जणांनी हात जोडले. माझ्या मुताला नमस्कार करून गेले.

पण सगळ्यात घाण ते नव्हतं. सगळ्यात घाण ते वाक्य होतं.

बाहेर भोंगा ओरडायचा, आईला लाथ मारणाऱ्या मुलीची गत बघा. आत तंबूवाला फळीवर काठी आपटून विचारायचा, काय पाप केलंस? मी म्हणायचं, मी आईला लाथ मारली, देवीनं शाप दिला, माझ्यासारखं करू नका. दिवसातून पन्नासदा. बायका आपल्या मुलींना दंडाला धरून पुढे ओढायच्या. बघ, उलट बोललीस की असं होतं. एकाही मुलाला असं पुढे ओढलेलं मला आठवत नाही.

खोटं कशाला सांगू, यात्रा मला आवडायची. वर्षभर वाट बघायचे. गोडीशेव, रेवड्या, बांगड्यांची दुकानं. आकाशपाळणा वर गेला की पांडवलेण्याचा डोंगर दिसायचा. आई वर्षातून एकदाच खळखळून हसायची, ती त्या पाळण्यात. यात्रेत सगळे सारखे, एकाच धुळीतले, असं लोक मोठ्या कौतुकानं सांगतात. तिकीट काढून बघणाऱ्याला तसं वाटत असेल. मला खोक्यातून तसं दिसलं नाही.

सहाव्या माळेची दुपार. गर्दी नको म्हणून बंगल्यांतल्या बायका दुपारी यायच्या. वहिनी आल्या, दोन मुलं आणि धाकट्याला उचलायला माझी आई. आईला तंबूबाहेर थांबायचं होतं. मला तिचा आवाज ऐकू आला होता. वहिनी म्हणाल्या, "चल गं, तुझंही तिकीट काढलंय."

मग ती पिन.

आईनं रक्त बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. तिनं कडेवरच्या पोराचा सदरा नीट केला. नीटच होता तो.

तंबूवाल्यानं काठी आपटली. काय पाप केलंस?

पुढचं वाक्य मला झोपेतही पाठ होतं. तोंड उघडलं आणि ते येईना. समोर ती उभी. तिच्या तोंडावर सांगायचं, की मी तिला लाथ मारली?

मी म्हणाले, "मी कुणाला लाथ मारली नाही. तिलाच विचारा. ती माझी आई आहे."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. वहिनींनीही.

"शांता, ही तुझी?"

आई म्हणाली, "नाय वहिनी. माझी घरी हाय."

मी फळी ढकलली. खटका आतल्या बाजूला होता, रोज हाताला लागायचा. मी उभी राहिले. पाय धरले होते, पडले, परत उभी राहिले. गळ्यात कापडाचा साप, शेपूट मागे लोंबतंय, फ्रॉक ओला. आणि तंबूत एकच गिल्ला झाला. फसवणूक. चोर आहेत साले. पैसे परत द्या. मला पिन टोचली तेव्हा यातल्या एकाच्याही तोंडून शब्द निघाला नव्हता. रक्त त्यांना चाललं. शेपूट कापडाचं निघालं, ते चाललं नाही.

मला त्या लोकांची किळस आली. आईचीही आली. हे लिहिताना हात जड होतो, पण आली.

घरी आईनं हळद चेपली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "हो म्हणले असते तर उद्याच्याला काम गेलं असतं. तुला म्हणायला काय जातंय."

 बऱ्याच वर्षांनी कळलं, की मला वाक्य तंबूवाल्यानं पढवलं होतं आणि तिला बंगल्यानं. ती पुढे आठ वर्षं तिथेच भांडी घासत राहिली. माझ्या गालावरची खूण तिनं परत कधी नीट बघितली नाही.

आता मी पालिकेच्या शाळेत शिकवते. यात्रेला आता लोक 'मेला' म्हणतात, पाळणे दुप्पट उंच झालेत, फलकांवर पुढाऱ्यांचे हसरे चेहरे. यंदा वर्गातली मुलं हट्ट करून मला घेऊन गेली. पाळण्यात बसलो, शेव खाल्ली, मलाही मजा वाटली. मग भोंगा ऐकू आला. शब्द तेच.

आत अकरा-बारा वर्षांची पोर. लोक मोबाइल पुढे करून फोटो काढत होते. काठी आपटली. ती म्हणाली, "मी आईला..."

मी दोरी ओलांडून पुढे गेले आणि मोठ्यानं सांगितलं, हिनं काही केलेलं नाही, शेपूट कापडाचं आहे, आत पोर गुडघे मोडून बसली आहे. गर्दी माझ्यावरच खेकसली, मजा घालवली म्हणून. तंबूवाला हात जोडून म्हणाला, "मॅडम, गरिबाच्या पोटावर पाय का देता?" आणि त्या पोरीनं माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघितलं.

बघू दे. तिचा राग मी समजू शकते. तिनं माझे आभार मानावेत, म्हणून मी गेले नव्हते.

मी तिच्या आईचं घर शोधून काढलं आहे. दारात बसून आले. तिनंही सांगितलं, माझी पोरगी मामाकडे गेली आहे. मी उद्या परत जाणार आहे. पोलिसांत अर्ज दिला, साहेब म्हणाले, यात्रा आहे, चालायचंच. त्यांच्याकडेही परत जाणार आहे.

आज चौथी माळ. अजून पाच आहेत. पाचही दुपारी मी तिकीट काढून त्या दोरीपाशी उभी राहणार. त्यानं काठी आपटली, की पोरीच्या आधी मी बोलणार. पाप विचारायचं तर तिला नाही, आम्हाला विचार. तिकीट आम्ही काढलंय.