दोन घटकांच्या आत

मानपाड्यापासून कल्याणच्या पोस्टापर्यंतचा पाच मैलांचा रस्ता काळुराम हलकाऱ्याने चौदा वर्षे रोज पायांखाली घातला. खांद्यावर टपालाची थैली, हातात घुंगरांची काठी, डोक्यास घट्ट मुंडासे, आणि चालण्यास सरकारी मनाई असावी अशी धाव. वास्तविक सरकारास एवढी निकड नव्हती. आमच्या बाजूस आठवड्यास फार तर चार पत्रे येत, आणि त्यांतले एक तरी कोणाच्या मृत्यूचे असे. ते उशिरा पोचल्याने कोणाचे काही बिघडत नसे. निकड काळुरामासच होती.

तिचे मूळ एका लग्नात होते. मानपाड्यास मुहूर्ताचा उखळी बार उडाला आणि त्याच क्षणी काळुराम थैली घेऊन निघाला. तिकडे कल्याणात त्याच मुहूर्तावरच्या दुसऱ्या लग्नासाठी पोस्टाशेजारच्या मांडवात परशुरामभट जोशी घटिकापात्र मांडून बसले होते. तळास बारीक छिद्र असलेली ती तांब्याची वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडली की भरून बुडण्यास बरोबर एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे घेते. दुरून बार ऐकू आला तेव्हाच भटजींनी नवी वाटी सोडली होती. काळुराम पोस्टाच्या पायरीवर पोचला तेव्हा दोन वाट्या बुडून वर बारा पळे झाली होती. साठ पळांची एक घटका, तेव्हा ही उणीपुरी पाच मिनिटे. भटजींनी ते सहज सांगितले, आणि एका सरळ माणसाच्या डोक्यात कायमचे बिऱ्हाड करून दिले.

"दोन घटकांच्या आत यायचं," हा त्यानंतर काळुरामाचा ध्यास झाला. त्याची बायको बायजा विहिरीवर सांगे, "लोकांची मानसं पोरांची वयं सांगतान, आमचा मानूस पलं सांगतंय. परवा इचारलं, मीठ किती आनू, त म्हनतंय बारा!"

सन १८८७च्या आरंभी दोन गोष्टी एकदम कळल्या. पावसाळ्यानंतर टपाल टांग्याने जाणार; आणि राणीसाहेबांच्या राज्यास पन्नास वर्षे झाल्याच्या उत्सवात मानपाडा ते कल्याण पळण्याची शर्यत होणार. मी तेव्हा मुंबईस कॉलेजात होतो आणि सुटीत गावी आलो होतो. चार इंग्रजी बुके वाचलेला म्हणून मला पंच नेमून शर्यतीमागून जाण्यास एका बैलाच्या दमणीत बसवले. काळुराम मला भेटला तो अत्यंत गंभीर चेहऱ्याने.

"मधुभाऊ, मना ते इनामाचं पागोटं नको. पन शेवटाला भटजीबुवा वाटी घेऊन बसले पायजेत. टांगा चालू जाला का मग मना कोन मोजनार?"

त्याचे पंचेचाळिसावे वर्ष चालू होते. मी शब्द टाकला. उत्सवमंडळींच्या खिशात घड्याळे होती, तरी शेवटच्या रेषेजवळ घंगाळासही जागा मिळाली. बार ऐकू येताच वाटी सोडावी, असे ठरले.

शर्यतीच्या सकाळी सहा गडी उभे राहिले: दोन शिपाई, एक पैलवान, मालधक्क्यावरचे दोन हमाल आणि काळुराम. थैली अर्थातच नव्हती. पण तो काठी सोडीना.

"घुंगरं नाय वाजली त पायांना कसं कलंल?" त्याने विचारले. नियमांत काठीविषयी काही नव्हते. मी परवानगी दिली. पुढे जे घडले त्यातला माझा वाटा एवढाच; पण तो लहान नव्हता.

बार उडाला. पहिला अर्धा मैल काळुराम दुसरा होता. मग रस्त्याकडेच्या घरांत घुंगरे ऐकू गेली.

"डाक आली गो, डाक!" म्हणत मालन ही म्हातारी थेट रस्त्यात येऊन उभी राहिली. तिचा मुलगा पंढरी एडनच्या जहाजावर खलाशी होता आणि सहा महिने त्याचे पत्र नव्हते. चौदा वर्षांत काळुराम विचारणाऱ्या माणसास ओलांडून गेलेला नव्हता. तो थांबला.

"नाय गो आयशी, आज डाक नाय. आज सरकारी पलनं हाय."

"सरकारी पलनं? मग थैली कुठं हाय?"

"थैली नाय आज."

"हरवलीस? माज्या पंढरीचं कागद व्हतं का रं तिच्यान?"

"आवं, नाय गो! शर्यत हाय, शर्यत!"

"रिकाम्या हातानं कोन पलतं रं?" म्हातारीने मला विचारले. तोवर दुसरा शिपाई, दोन्ही हमाल आणि पैलवान पुढे निघून गेले होते.

पुढच्या वळणावर गोपीनाथशेठ वाट अडवूनच उभे होते. खाडीकाठी त्यांची मिठागरे होती आणि हातात जावयास लिहिलेले पत्र होते.

"काळू, हे पेटीत टाक."

"शेठ, आज शर्यत हाय."

"मग त बरंच जालं! लवकर पोचंल."

यावर वाद घालता येण्यासारखे काही नव्हते. काळुरामाने पत्र मुंडाशात खोवले. इथून पुढचेही मी दमणीतून प्रत्यक्ष पाहिले आहे. इतका वेळ तो पळत होता, पण त्याचे पाय मालकाला विचारून पडल्यासारखे पडत होते. पत्र डोक्यावर चढताच त्या पायांना आपले काम सापडले. घुंगरे एका लयीत बोलू लागली. त्याने एका हमालास मागे टाकले, मग दुसऱ्यास; पैलवान तर कडेला बसून पाणी मागत होता. आमचा बैल मान खाली घालून मागे पडू लागला. कल्याणची घरे दिसू लागली तेव्हा काळुराम दुसऱ्या शिपायाच्या खांद्याशी होता, आणि मी पंचाची मर्यादा विसरून दमणीत उभा राहिलो होतो.

बाजाराच्या तोंडाशी मांडव, पताका, गर्दी. रेषा शंभर पावलांवर. तिच्या अलीकडेच उजव्या हातास पोस्टाची गल्ली फुटते. ते दारही तितकेच लांब. शिपाई सरळ गेला. काळुराम, चौदा वर्षे वळत होता तसा, उजवीकडे वळला.

"अरे, इकडे! इकडे!" सगळा मांडव ओरडला. घुंगरांपुढे त्याला काही ऐकू गेले नाही. पोस्टाच्या पायरीवर जाऊन त्याने पत्र पेटीत टाकले, काठी आपटली, आणि "डाक!" म्हणून मास्तरांनी दार उघडण्याची वाट पाहत तो उभा राहिला. उत्सवाची सुटी असल्याने दारास कुलूप होते. ते कुलूप त्याने बराच वेळ पाहिले. मग त्याला सर्व आठवले.

तो गल्लीतून परतला तो चालत. चौदा वर्षांत त्या रस्त्याने त्याला चालताना कोणी पाहिले नव्हते. तो पाचवा आला. घड्याळवाल्यांनी त्याची वेळ टिपण्याचे कष्ट घेतले नाहीत. बायजा गर्दीत होतीच.

"उभ्या जन्मात एकदा जिकायची वेल आली," ती सर्वांस ऐकू जाईल अशी म्हणाली, "त ह्यो टपाल टाकाया गेला!"

काळुराम घंगाळाजवळ येऊन मटकन बसला. वाटी दुसऱ्यांदा तळाशी गेलेली होती. "गेलं, भटजीबुवा."

परशुरामभटांनी इकडेतिकडे पाहिले आणि आवाज उतरवला. "काळुराम, रेषा मंडळींची. मागच्या खेपेस मी तुला कुठवर मोजलं होतं?"

"पोस्टाच्या पायरीवर."

"आज तुझी घुंगरं पायरीवर थांबली, ती मी इथून ऐकली. तेव्हा दुसरी वाटी बुडायची होती. तांदळाएवढा काठ वर होता."

"वर व्हता?"

"जानव्याची शपथ."

"दोन घटकांच्या आत?"

"आत."

त्याने मुंडासे सोडून तोंड पुसले, आणि पुसण्यास गरजेपेक्षा बराच वेळ लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मधुभाऊ, तुमी शिकलेले. बार उडला तवाच वाटी सोडली, म्हंजे बरोबरच ना हिशेब?"

आदल्याच महिन्यात आम्हांस कॉलेजात आवाजाचा वेग शिकवला होता. सेकंदास सुमारे अकराशे फूट. पाच मैलांस चोवीस सेकंद; म्हणजे नेमके एक पळ. बार कल्याणास ऐकू येण्यापूर्वी काळुराम एक पळ धावून चुकला होता, आणि ते पळ वाटीने मोजलेच नव्हते. आणि तांदळाएवढा काठ बुडण्यास किती वेळ लागतो, हे मी भटजींना विचारू शकलो असतो.

"अगदी बरोबर," मी म्हणालो.

पावसाळ्यानंतर टांगा सुरू झाला. काळुराम मिठागरावर राखणीस लागला. पुढे मी ठाण्यास बिऱ्हाड केले. गावी गेलो की तो भेटे, आणि टांग्याला किती वेळ लागतो हे न चुकता विचारी. माझ्या हिशेबात टांग्यास नेहमीच दोन घटकांहून अधिक लागत असे.