शनिवारचा वॉक आणि चुळीचं पाणी

आमच्या गावात महिन्यातून एका शनिवारी देवळांचा वॉक निघतो आणि त्याची गाईड मी आहे. हे वाक्य मी मुद्दाम सगळ्यात आधी लिहिलं, कारण मला ते लिहायला आवडतं. बोलायला तर त्याहून आवडतं. परवा डेंटिस्टकडे तोंडात कापूस होता तरी बोलून आले.

गाव म्हणजे इंग्लंडच्या साधारण मधोमध. बाहेरून येणाऱ्याला इथे राउंडअबाउटच्या गोल चौकांशिवाय काही दिसत नाही. पण तळ्याकाठी पांढरा शुभ्र स्तूप आहे, कॅनॉलच्या पलीकडे एका साध्या सेमी-डिटॅच्ड घरात श्रीलंकेच्या भिक्खूंचा विहार आहे, आणि तिथून थोडं चढावर गेलं की एका जपानी बाईंच्या मागच्या बागेत शिंतो देऊळ आहे, जपान्यांच्या जुन्या देवांचं. देऊळ म्हणजे केवढं, तर आपल्या देवघराएवढं. लाकडी, खांबावर बसवलेलं, पुढे लाल कमान आणि हात धुवायला दगडी कुंडी. बाईंच्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने बांधलं होतं. ते गेल्यावर बाईंनी एकटीने सांभाळलंय.

मी ह्या वॉकला लागले ती शुगरमुळे. आमचे हे डॉक्टर, आयुष्य इथल्या हॉस्पिटलात गेलं. रिटायर झाल्यावर त्यांना पेशंट उरला नाही, मग मी सापडले. "अगं, रोज चाल, चाल," हेच पालुपद. एकटीने कुठे चालणार? लायब्ररीच्या बोर्डावर ह्या वॉकचा कागद बघितला आणि गेले. तेव्हाच्या गाईड एक रिटायर झालेल्या टीचर होत्या, उंच, खणखणीत आवाजाच्या. त्यांच्यामागून मी किती वर्षं चालले! आधी मागे मागे, मग मध्ये, मग त्यांच्या अगदी शेजारून. प्रश्न विचारून विचारून त्यांना भंडावून सोडायचे. घरी आल्यावर लायब्ररीची पुस्तकं, डिक्शनरी जवळ घेऊन. शाळा माझी मॅट्रिकला थांबली. पुढचं सगळं असं चालता चालता झालेलं.

मग त्या टीचर नातवंडांजवळ राहायला एडिनबराला गेल्या. वॉकची व्यवस्था बघणारी मुलगी, चांगली आहे पोरगी, नेहमी घाईत, ती शेवटच्या वॉकच्या दिवशी म्हणाली, "कोणी गाईड मिळालं नाही तर हा वॉक बंद करावा लागेल."

मी हात वर केला. शाळेत करतात तसा, सरळ.

तिने माझ्याकडे बघितलं आणि मग बघितलं ह्यांच्याकडे! जसं काही ह्यांची सही लागणार होती. हे त्या दिवशी मला न्यायला आले होते. हेही लगेच सुरू, "वेल, माझ्या मिसेसना तसा बराच अनुभव..." मी कोपर मारलं तेव्हा गप्प झाले. ह्यांचं हे जुनंच. कौन्सिलचा फोन असो, शेजारची बाई असो, प्रश्न मला आणि उत्तर ह्यांचं. वाईट हेतूने नाही हो. सुरुवातीला माझं इंग्रजी अडखळायचं तेव्हाची सवय. इंग्रजी सुधारलं, सवय राहिली.

मुलगी म्हणाली, एक ट्रायल वॉक करू, मीही चालेन सोबत. पण दुसरी एक गोष्ट तिने स्पष्ट सांगितली. बागेचं फाटक जपानी बाई उघडणार असतील तरच वॉक. त्या टीचरवर त्यांचा भरवसा होता, माझ्यावर बसतो का बघू. बाग नाही तर वॉक नाही.

झालं, माझी तयारी सुरू. स्तूप, विहार मला पाठ. भीती होती ती कुंडीची. तिथे पळीने हात धुवायची एक रीत आहे. उजव्या हातात पळी घेऊन आधी डावा हात धुवायचा. पळी डाव्या हातात घेऊन उजवा. पुन्हा पळी उजव्या हातात, डाव्या तळव्यात पाणी घेऊन चूळ भरायची आणि कुंडीबाहेर, खाली, हळूच टाकायची. पळीला तोंड लावायचं नाही. मी स्वयंपाकघरात सिंकवर डाव घेऊन रोज प्रॅक्टिस.

हे दारात उभे. "आमटी वाढतेस का देवदर्शन करतेस?"

"अहो, तुम्ही शनिवारी आलात तर एका अटीवर. तोंड उघडायचं नाही."

"खोकला आला तर?"

"गिळायचा."

शनिवारी दहा-बारा माणसं जमली. रेनकोट, फ्लास्क, एक टक्कल पडलेले उंच गृहस्थ, दोन मैत्रिणी, एक जोडपं, आणि तोंड मिटून हे. ती मुलगी सगळ्यात मागे, हाताची घडी घालून. माझा आवाज पहिली पाच मिनिटं मागच्यांपर्यंत पोचेना. मग स्तूप आला. उजवा हात स्तूपाकडे ठेवून फेरी मारायची, हे सांगून मी चालायला लागले आणि सगळे माझ्यामागे मुकाट्याने प्रदक्षिणा घालू लागले. समोरून कुत्रा फिरवणारे एक आजोबा उलट्या दिशेने आले. आमची रांग बघून ते थांबले आणि चक्क वळून आमच्यात सामील झाले, कुत्र्यासकट. तिथे माझा आवाज सापडला.

विहारात शिरायच्या आधी फुटपाथवरच सांगून ठेवलं, की भंत्यांपुढे बायकांनी शेकहँडला हात करायचा नाही, दोन्ही हात जोडायचे. भंते आले चीवर आणि त्याच रंगाची लोकरी टोपी घालून. हॉलमध्ये चिखलाच्या बुटांची रांग, हीटरवर ओले मोजे, आणि समोर शांत मूर्ती. तिथे मी नाशिकचं सांगितलं. आमच्या गावाबाहेर डोंगरावर लेणी आहेत. लहानपणी आम्ही तिथे खेळायला चढायचो आणि सगळे सांगायचे की ती पांडवांनी कोरली. ती भिक्खूंची राहायची जागा, त्यांचे विहार, हे मला कळलं कुठे? तर इथल्या लायब्ररीत, इतक्या वर्षांनी. भंते हसले आणि आतून जाऊन चहा घेऊन आले. त्यात उशीर झाला. मुलीने घड्याळ बघितलं, मी बघितलं नाही असं दाखवलं.

आणि मग बाग.

जपानी बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. बारीक चणीच्या, पांढरे केस, ॲप्रन. नमस्कार झाला, त्या तिथेच थांबल्या. कमानीपाशी वाकून आम्ही आत गेलो. कुंडीशी जाऊन मी छाती पुढे काढून म्हटलं, "माझ्याकडे नीट बघा आणि मी करते अगदी तस्संच करा."

डावा हात धुतला. पळी डाव्या हातात घेतली. आता उजव्या हातावर पाणी. तर बघा, उजवा तळवा पुढे केला, त्यात पळीतून थंड पाणी पडलं, समोर देव. हात आपोआप खोलगट झाला. पुढचं माझ्या हाताला कोणी शिकवावं लागत नाही. तीन वर्षांची असल्यापासून तो तेच करत आलाय. मी ते पाणी भुर्रकन पिऊन टाकलं आणि ओला तळवा डोक्यावरून फिरवला.

तीर्थ घेतलं हो मी!

कळलं कधी, तर मागे वळले तेव्हा. सगळे माझ्याकडे नीट बघून अगदी तस्संच करत होते. एकेक जण पुढे येत होता, पाणी पीत होता आणि डोक्याला हात लावत होता. त्या उंच गृहस्थांनी तर टकलावरून इतक्या भक्तिभावाने हात फिरवला की मला रडावं का हसावं कळेना. आणि ह्यांनीही तीर्थ घेतलं! डोळे मिटून. शेंडीपर्यंत हात नेला, शेंडी नसताना.

जपानी बाईंचा हात तोंडावर गेलेला. हसू होतं का धक्का, मला दिसेना. ती मुलगी त्यांच्याकडे बघत होती. फाटक आता बंद होणार, वॉकही बंद होणार, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात ह्यांनी घसा साफ केला. "म्हणजे, माझ्या मिसेसना असं म्हणायचंय की—"

"अहो, थांबा," मी म्हटलं. मराठीत, सगळ्यांसमोर. "मी सांगते."

आणि सांगितलं. माझ्या इंग्रजीत, जसं आलं तसं. म्हटलं, मी चुकले आणि तुम्हा सगळ्यांना चुकायला लावलं. आमच्या देवळात पुजारी पळीने उजव्या हातावर पाणी देतो. ते देवाचं पाणी, पोटात घ्यायचं आणि उरलेला ओलावा डोक्याला लावायचा, थेंब वाया जाऊ द्यायचा नाही. इथलं पाणी हात-तोंड धुवायला आहे, देवापुढे स्वच्छ होऊन जायचं म्हणून. तुम्ही आत्ता एका देवाच्या दारात दुसऱ्या देवाची रीत केलीत. मग जपानी बाईंकडे वळले, हात जोडले आणि विचारलं, "आता आम्ही काय करावं?"

बाई पायऱ्या उतरून आल्या. एकच शब्द बोलल्या, "पुन्हा." आणि बोट कमानीबाहेर.

सगळे बाहेर. पुन्हा वाकून आत. बाई माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, सून पहिली पोळी करताना सासूने शेजारी उभं राहावं तशा. मी डावा धुतला, उजवा धुतला, डाव्या तळव्यात पाणी घेऊन चूळ भरली आणि खाली टाकली. पळी उभी धरून तिचा दांडाही धुतला. त्यांनी मान डोलावली. मग बाकीच्यांचं. ह्या इंग्रज मंडळींना चारचौघांत चूळ टाकायची भयंकर लाज! गाल फुगवून उभे. त्या दोन मैत्रिणींतली एक तर गिळणारच होती. मी म्हटलं, "डार्लिंग, टाका. देव बघत नाहीये, मी बघतेय." तेव्हा सगळे इतके हसले की चूळ टाकणं आपोआप झालं. मग दोनदा वाकणं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकणं. त्या टाळ्या एका वेळी वाजल्या. एका वेळी! बागेतलं कबूतर उडालं.

लोक फाटकाबाहेर गेल्यावर मुलगी मला म्हणाली, "विहारात खूप वेळ गेला. चहा पुढच्या वेळी कमी." पुढच्या वेळी, म्हणाली. मग लगेच, "अर्थात, बाईंची हरकत नसेल तर."

मी बाईंकडे गेले. हे फाटकाशीच उभे राहिले, बोलावल्याशिवाय आले नाहीत. ह्यांचं मला फार कौतुक वाटलं त्या क्षणी. बाईंनी मला विचारलं, "पाणी गिळलं सगळ्यांनी?"

"हो."

"त्या कुंडीत पक्षी आंघोळ करतात."

 मी ह्यांच्याकडे बघितलं, पोट दुखलं तर डॉक्टर आहे म्हटलं. तेव्हा त्या हसल्या, पहिल्यांदाच. आत गेल्या आणि एक ब्रश घेऊन आल्या, काथ्यासारखा, लाकडी मुठीचा. माझ्या हातात दिला. "वॉकच्या दिवशी लवकर या. आधी कुंडी घासायची, ताजं पाणी भरायचं. त्या टीचरना मी हे कधी सांगितलं नाही." 

घरी जाताना बसमध्ये ब्रश मांडीवर ठेवून बसले होते. समोरच्या बाईने विचारलं, हे काय? तिला तिच्या स्टॉपपर्यंत सगळं सांगितलं. तिचा स्टॉप गेला.

आता वॉकच्या दिवशी मी इतरांच्या आधी बागेत असते. बाह्या वर करून कुंडी घासते, शेवाळ काढते, पानं वेचते, कॅनने पाणी भरते. जपानी बाई कधी चहा घेऊन उभ्या असतात, कधी नुसत्याच. थंडीत बोटं बधिर होतात, पण तळ दिसेपर्यंत मी सोडत नाही. बाई वाकून बघतात आणि म्हणतात, "ओके, गाईड." मग मी हात पुसून माझ्या लोकांना आणायला निघते.