मागच्या सीटचं बटण

मुलाने नवी गाडी घेतली. म्हणाला, "आई, मागचा एसी वेगळा आहे, तुला हवा तेवढा ठेव." आहे खरं सुखाचं. बाहेर रणरणत्या उन्हात बाभळी मागे सरकत जातात, आत मंद झुळूक येते आणि डोळे आपोआप मिटतात.

जुन्या गाडीत मात्र सगळ्यांची हवा एकच असायची. मी पदर कानावरून घेतला की पुढे बसलेले हे मान वळवून विचारायचे, "गारठलीस काय गं?" आता मान वळायला कारणच उरलं नाही.

काल मी हळूच बटण पार गारव्याकडे फिरवलं, पदर कानावरून घेतला आणि खोकले. हे वळले.

"अगं, बटण तुझ्याच हाताशी आहे ना?"

"असू दे. तुम्हीच कमी करा."

त्यांनी हात मागे लांबवला.