पोळ्याला तेल लावलेले टायर

माझे यजमान गेले तेव्हा त्यांची मोटरसायकल मागे राहिली आणि तिच्यासाठी आणून ठेवलेले दोन कोरे टायर. त्या काळी नागपुरात टायर हवे तेव्हा मिळत नसत. सदर भागातल्या दुकानात माल आला की लोक गरज नसतानाही घेऊन ठेवत. यांनीही तसेच घेतले होते. ते बसवण्याआधीच एका सकाळी त्यांचं हृदय थांबलं. मोटरसायकल पडवीत ताडपत्रीखाली गेली आणि टायर भिंतीवरच्या खुंट्यांना लटकले. पडवीला टिनाचं छप्पर. मे महिन्यात तिथे ठेवलेल्या मेणबत्त्या वाकून जात.

घरात आम्ही तिघं उरलो: मी, सासूबाई आणि धाकटा दीर. मी सदरला एका ऑफिसात टायपिस्ट होते. सकाळी डबा, संध्याकाळी भाजी, रविवारी रेशन आणि दुरुस्त्या. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी कामं लिहून काढायची आणि झाली की खोडायची. घरातलं बोलणंही त्या कामांपुरतंच होतं. मला बरं वाटतं का, हे विचारायचं कुणाला सुचत नसे. ते मी कुठे लिहूनही ठेवत नव्हते.

सासूबाई उमरेडकडच्या शेतकरी घरातल्या. त्यांच्या माहेरी पोळ्याच्या आधी बैलांचे चामड्याचे पट्टे आणि वाद्या जवसाच्या तेलाने चोळायची रीत होती, चामडं सुकून तडकू नये म्हणून. आमच्याकडे बैल कुठले? मग दरवर्षी पोळ्याला त्या टायर खाली उतरवायला लावत, पाटावर बसत आणि चिंधीने जवसाचं तेल चोळत.

"जनावर नाही तं नाही," त्या म्हणायच्या. "त्याच्या गाडीचं तरी सुकू नये."

मी चिंधी द्यायची, तेलाची वाटी धरायची. लेकाचं नाव काढूनही त्या रडत नसत असा वर्षातला तो एकच दिवस. तेल वाळलं की टायर काळेभोर चमकत.

काही वर्षांनी दिराला उमरेडजवळच्या कोळशाच्या खाणीत नोकरी लागली. एसटी होती, पण तिच्या वेळा पाळीला जुळत नव्हत्या. त्याने मोटरसायकल बाहेर काढायचं ठरवलं. मला आनंद झाला, कारण करण्यासारखं काही मिळालं. मी यादी केली: बॅटरी, क्लचची वायर, प्लग, पेट्रोलच्या टाकीतला गंज, टायर. चाकांवरचे जुने टायर एकाच जागी दबून फाटले होते. पण त्याची कुणाला काळजी नव्हती. कोरे टायर भिंतीवरच होते.

"एकदम नवे आहेत, वयनी," दीर म्हणाला. "नव्या टायरवरचे रबराचे बारीक केस बी गेले नाही अजून. रविवारी बसवतो."

बसवण्याआधी धुऊन द्यावेत म्हणून मी ते उतरवले. सोड्याच्या गरम पाण्याने घासल्यावर वरची चमक चिकट पापुद्र्यासारखी निघाली. खालच्या रबरावर, टायरच्या कडेच्या भागात, बारीक भेगांचं जाळं होतं. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याचा चिखल दिसतो तसं. मी गुडघ्याने दाबून पाहिलं, तेव्हा भेगांची तोंडं उघडली आणि आतला धागा दिसला. काही जागी रबर लाकडासारखं कडक होतं, काही जागी बोटाला चिकटत होतं.

मला लगेच स्वयंपाकघर आठवलं. आमच्या पितळी स्टोव्हच्या पंपात चामड्याचा वायसर होता, त्याला तेल दिलं की तो मऊ राही. कुकरच्या रबरी रिंगला मात्र तेल लागलं की ती फुगून सैल होई आणि वाफ धरत नसे. टिनाखालच्या उन्हाने अर्धं काम केलं होतं. उरलेलं सासूबाईंच्या तेलाने केलं होतं, आणि वर चमक देऊन ते झाकूनही ठेवलं होतं.

दिराला मी भेगा दाखवल्या.

"भेगा तं माह्या टाचांले बी आहेत, वयनी. मी चालून राहिलो ना?"

"टाच फुटली तर तू लंगडशील. हा फुटला तर मागून कोळशाचा ट्रक येईल."

"एक दिवसही न चाललेला टायर फुटते कसा?" तो हसला आणि पाना शोधायला गेला.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "काहून वं? माह्या एका लेकाची वस्तू दुसऱ्या लेकाले द्यायले तुह्या जिवावर येते काय? भिंतीवर लटकवून पाहात बसाचं हाये तुले?"

खरं कारण सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मग त्यांच्याजवळचा वर्षातला तो एक दिवसही गेला असता. दिराला एकट्याला सांगावं, तर त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. संध्याकाळी जेवताना त्याने आईची थट्टाच केली असती. आणि त्यांच्या बोलण्यात थोडं खरंही होतं. ऑफिसातून आल्यावर ते टायर जागेवर दिसले की मला बरं वाटायचं. त्यामुळे जोर करून नाही म्हणता येईना.

रविवार जवळ येत होता. विकावेत, तर दुसऱ्या कुणी ते बसवले असते. शनिवारी ऑफिसला अर्धी सुट्टी होती. दीर कामावर होता, सासूबाई शेजारी पापड लाटायला गेल्या होत्या. मी लोखंड कापायची करवत घेतली, अंगणात बसले आणि दोन्ही टायर कडेने आरपार कापले. रबर सोपं गेलं. काठातल्या तारेने मात्र हात सोलून काढले.

दुसरा टायर संपत आला होता तेव्हा सासूबाई आल्या. पिठाचे हात तसेच. त्या ओरडल्या नाहीत.

"त्याची एक वस्तू सहीसलामत होती घरात," त्या म्हणाल्या. "तेबी तुले पाहवली नाही."

मी तुकडे पोत्यात भरले. पुढच्या आठवड्यात ऑफिसातल्या एकांच्या ओळखीने दुकानातून ताजे टायर मिळवले. दिराने ते बसवले, पण माझ्याशी बोलणं टाकलं. खाणीजवळ त्याला खोली मिळाली तेव्हा सासूबाईंनी पेटी भरली. मी थांबा म्हटलं. त्यांनी ऐकलं नसल्यासारखी लुगड्याची घडी घातली.

त्या मोटरसायकलवरच गेल्या. मागे एका बाजूला पाय सोडून, लेकाच्या खांद्यावर हात, मांडीवर गाठोडं. निघण्याआधी मी वाकून दोन्ही टायर अंगठ्याने दाबून पाहिले. हवा बरोबर होती. त्या दुसरीकडे बघत होत्या.

"पोचल्यावर कंडक्टरजवळ निरोप द्या," मी म्हटलं. उमरेडहून येणाऱ्या एसटीचे कंडक्टर असे निरोप आणत. दिराने गाडीला किक मारली.

संध्याकाळी मी स्टँडवर गेले. उमरेडची गाडी लागली. माझ्यासाठी निरोप नव्हता.

"रस्त्यात कुठे मोटरसायकल पडलेली दिसली का?" मी कंडक्टरला विचारलं.

"कोणाची पाडाची हाये काय, बाई?"

"पडू नये म्हणून विचारते."

तो ओशाळला. "नाही जी. रस्ता साफ होता. ट्रक अन् बैलगाड्या, बस."

पुढच्या गाडीच्या कंडक्टरलाही विचारलं. त्यानेही काही पाहिलं नव्हतं. म्हणजे दोघं नीट पोचली होती. मला जे हवं होतं ते झालं होतं, आणि आता घरी जायला हरकत नव्हती. मी बाकावर बसले आणि तिसऱ्या गाडीची वाट पाहू लागले.